देवावर भरवसा, दाराला अडसर



कोकणातल्या माणसाला आगोट शिकवावी लागत नाही. मे महिना अर्धा सरला की घराघरांतून लगबग सुरू होते. कौले चाळून घेतली जातात, पडवीला झापे किंवा प्लास्टिक बांधले जाते, लाकूडफाटा आत येतो. सुकी मासळी, आमसुले, कडधान्ये डब्यांतून भरली जातात. मासेमारीची बंदी लागण्याच्या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. ही सारी बेगमी करणाऱ्या माणसाला आजवर कोणी असे विचारलेले नाही की, ‘बाबा रे, एवढी तयारी करतोस, म्हणजे तुझा देवावर विश्वास नाही की काय?’

आता नोव्हेंबर लागला आहे. आकाश मोकळे आहे, पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटते. भाताच्या उडव्या खळ्यात रचलेल्या आहेत, बागायतदार कलमांच्या मोहोराकडे डोळे लावून बसले आहेत आणि होड्या समुद्रात आहेत. अशा दिवसांत वादळाची गोष्ट काढली तर ऐकणारा हसेल. पण ११ नोव्हेंबर २००९ हा दिवस आपल्या किनाऱ्यावरची घरे विसरलेली नाहीत. त्या दिवशी ‘फयान’ चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत जाऊन अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. मासेमारीचा ऐन हंगाम होता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून गेलेल्या काही होड्या परत आल्या नाहीत. समुद्रात असलेल्या कित्येकांपर्यंत धोक्याचा निरोप वेळेत पोहोचलाच नाही.

नुकताच आपण २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळला. थडगी साफ केली, फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. समुद्राने ज्यांना परत दिले नाही, त्यांच्या घरच्यांनी मेणबत्ती कुठे लावायची? ज्याचे शरीर सापडत नाही त्याला मृत मानण्यासाठी आपला कायदा सर्वसाधारणपणे सात वर्षे थांबतो. आईचे थांबणे तर त्याहूनही लांब असते. म्हणून आजचा विषय आम्हाला केवळ हवामानाचा वाटत नाही.

प्रथम थोडी माहिती घेऊ या. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत. एक पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. ऐन पावसाळ्यात खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांच्या दिशेत व वेगात इतका फरक असतो की, चक्रीवादळाला उभे राहता येत नाही. पावसाळा संपला की तो फरक कमी होतो. समुद्राचे पाणी मात्र अजून गरमच असते आणि त्याच उष्णतेवर वादळ पोसले जाते. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला असाच तडाखा बसला होता. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ आपल्या समोरून गेले. म्हणजे आपली आगोट एका हंगामाची झाली. दुसऱ्या हंगामाला आपण रिकाम्या हातांनी सामोरे जातो. पावसाळा दरवर्षी येतो म्हणून त्याची तयारी ही आपली रीत झाली आहे. हिवाळ्याच्या तोंडावरचे वादळ दहा-दहा वर्षे येत नाही. त्याची तयारी करायची तर सवय पुरत नाही, विचार करावा लागतो. आणि विचार सुरू झाला की, तो जुना प्रश्न पुढे येतो: तयारी करणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे का?

हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा एका आजींनी विचारला. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ येणार म्हणून इशारे सुरू होते. त्या वेळी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. आजींचे घर अगदी किनाऱ्याला लागून, वर पत्रे, घरात त्या एकट्या. त्यांना वरच्या वाडीत नेण्यासाठी आम्ही गेलो, तर त्या जपमाळ हातात घेऊन शांतपणे म्हणाल्या, “फादर, तुम्हीच दर रविवारी सांगता ना, देव राखणारा आहे म्हणून? मग आज पळायला का सांगता?”

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत आम्हाला बरे गुण मिळाले होते, पण त्या पडवीत उभे असताना आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. शेवटी आजी आल्या, त्या शेजारच्या मुलीने हाताला धरून नेले म्हणून. आमच्या युक्तिवादामुळे नव्हे. रात्री वाऱ्याने पत्रे उडाले. आजी वाचल्या. पण त्यांचा प्रश्न आमच्यापाशी राहिला आणि आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात विवेक या सद्‌गुणाचा विचार करताना एक गोष्ट दाखवून दिली आहे. विवेकाचा मुख्य भाग कोणता, तर पुढचे पाहणे. त्यासाठी त्यांनी जो लॅटिन शब्द वापरला आहे तो आहे ‘प्रोविदेन्तिया’. गंमत अशी की, देव सृष्टीची जी काळजी वाहतो तिलाही ते हाच शब्द वापरतात. देव पुढचे पाहतो आणि माणूसही, आपल्या लहानशा मापाने, पुढचे पाहतो. संत थॉमस पुढे असेही मांडतात की, देव आपली योजना निर्मिलेल्या वस्तूंच्या आणि माणसांच्या हातूनही पार पाडतो. त्याला हातांची गरज आहे म्हणून नव्हे, तर आपल्या कामात आपल्यालाही वाटा द्यावा हा त्याचा मोठेपणा आहे म्हणून. हे मानले तर आजींच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. देव त्यांना राखत होताच. त्या संध्याकाळी त्याचा हात म्हणजे शेजारच्या मुलीचा हात होता.

पवित्र शास्त्रात हिवाळी वादळाची एक सविस्तर हकिगत आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २७ वा अध्याय आपण घरी सावकाश वाचावा अशी आमची विनंती आहे. संत पौल कैदी म्हणून जहाजातून रोमला नेला जात होता. प्रवासाचा हंगाम सरला होता. क्रेत बेटावरच्या एका बंदरात जहाज थांबले असताना पौलाने इशारा दिला की, पुढे गेलो तर मालाचे, जहाजाचे आणि जिवांचेही नुकसान होईल. पण शताधिपतीला पौलापेक्षा तांडेल आणि जहाजाचा मालक यांचे म्हणणे अधिक पटले. ते बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचे होते. त्यातच दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सगळ्यांना वाटले, जमले! नांगर उचलला गेला. थोड्याच वेळात जमिनीकडून तुफानी वारा सुटला आणि जहाज चौदा दिवस भरकटत राहिले.

पुढचा भाग आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्या वादळात देवदूताने पौलाला अभिवचन दिले की, जहाजावरच्या कोणाचाही जीव जाणार नाही. आता इतके स्पष्ट अभिवचन मिळाल्यावर पौलाने हातांची घडी घालून बसायला हरकत नव्हती. पण तसे घडले नाही. खलाशांनी खोली मोजली, जहाजाच्या मागून चार नांगर टाकले. काही खलाशी लहान होडीतून गुपचूप निसटू पाहत होते, तेव्हा पौलाने शताधिपतीला बजावले की, ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुमचाही बचाव होणार नाही. मग सर्वांना त्याने आग्रहाने जेवायला लावले, कारण पुढे पोहायला ताकद लागणार होती. जहाज फुटले, पण २७६ जण माल्टा बेटाच्या किनाऱ्यावर सुखरूप पोहोचले. देवाचे अभिवचन आणि चार नांगर, दोन्ही एकाच जहाजावर होते. नांगर टाकले म्हणून पौलाचा विश्वास उणा पडला, असे कोणी म्हणेल का?

उलट बाजूने पाहा. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानाने प्रभू येशूला सुचवले, तेव्हा प्रभूने ते विश्वासाचे लक्षण मानले नाही. ती देवाची परीक्षा पाहणे आहे, असे त्याने सांगितले. बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला असताना, ‘देव बघून घेईल’ असे म्हणून होडी लोटणे ही त्या शिखरावरची उडीच आहे.

पण येथे एक अवघड गोष्ट आहे, आणि ती टाळून चालणार नाही. आमचे एक होडीमालक मित्र म्हणतात, “फादर, तुम्हाला बोलणे सोपे आहे. एक फेरी म्हणजे डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचे पैसे. बावटा लागला की होडी परत बोलवायची. आणि दहा वेळा बावटा लागतो, त्यात नऊ वेळा काही होत नाही.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. नऊ वेळचे नुकसान त्यांच्याच खिशातून जाते. प्रवचन करणाऱ्याच्या खिशातून जात नाही. हे आम्ही कबूल करतो.

तरीही आम्हाला त्यांना एक प्रश्न विचारावासा वाटला आणि आम्ही तो विचारला. होडीवर जीव कोणाचा असतो? तांडेलाचा, खलाशांचा. त्यांतले कित्येक नेपाळमधून आलेले, ज्यांनी समुद्र पाहिला तोच इथे. स्वतःच्या जिवाबद्दल माणसाने देवावर हवाला ठेवावा, हे एक वेळ समजू शकते. पण दुसऱ्याचा जीव पणाला लावून आपला विश्वास दाखवता येतो का? पौलाच्या हकिगतीत निर्णय मालकाच्या आणि तांडेलाच्या मताने झाला. भरकटले मात्र २७६ जण, त्यांत हातात बेड्या असलेले कैदीही होते, ज्यांचे मत कोणी विचारले नव्हते. आमचे मित्र बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बायोमेट्रिक कार्ड त्यांचे, लाइफ जॅकेट त्यांची, पण परत फिरायचे की नाही, हे माझ्या फोनवर.” त्यांनी आमच्यापेक्षा नेमके सांगितले.

२००९ मध्ये कित्येकांना निरोप मिळाला नाही. आज ती स्थिति नाही. हवामान खाते आता वादळाची पहिली सूचना साधारणपणे तीन दिवस आधी देते, मग दोन दिवस आधी, मग एक दिवस आधी. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ची सूचना अशीच आधी मिळाली होती. तरीही मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात अडीचशेहून अधिक माणसांना घेऊन असलेला ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. सत्तरहून अधिक जीव गेले. निरोप न मिळणे ही आपत्ती असते. निरोप मिळूनही माणसे धोक्यात राहणे हा जबाबदारीचा प्रश्न होतो. ज्ञान वाढते तसे कर्तव्यही वाढते. हे नीतिशास्त्रातले जुने तत्त्व आहे, आणि आता ते प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

‘देवाने असे का केले?’ हा प्रश्न वादळानंतर हमखास विचारला जातो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणादिवशी, लोक मिस्सेला जमलेले असताना लिस्बन शहर भूकंपाने कोसळले. त्यावर व्होल्तेर याने देवाच्या चांगुलपणावरच प्रश्नचिन्ह उभे केले. रूसो याने १७५६ मध्ये त्याला पत्र लिहून निराळा मुद्दा मांडला: सहा-सात मजल्यांची हजारो घरे त्या जागी निसर्गाने दाटीवाटीने बांधली नव्हती; आणि सामान वाचवायला मागे फिरून किती जण मेले? रूसोच्या सगळ्याच मतांशी आम्ही सहमत नाही. पण हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. वारा आपण निर्माण करीत नाही. पण न बांधलेला पत्रा, न छाटलेली फांदी, एकटी सोडलेली म्हातारी, यांचा हिशेब देवाकडे मागण्यापूर्वी आपण स्वतःकडे मागायला हवा. त्यानंतरही जे दुःख उरते, त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही. तेथे आम्ही फक्त क्रुसाखाली उभे राहू शकतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले तेव्हा जमिनीवर काय होते, ते आपण पाहिले. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, पण आपल्याच जिल्ह्यातील दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यांतली कित्येक झाडे आजोबांनी लावलेली आणि नातवाने खाल्लेली होती. इथे मिऱ्याच्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन आदळले आणि पुढे कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. गावोगावी वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. विहीर दारात होती, पण दोर आणि कळशी कोणाच्या घरी उरली होती? मोबाइलचे मनोरेही मुके झाले. तेव्हा लोकांना कळले की, आपली तयारी म्हणजे बहुतेक सगळी विजेवर टाकलेला भरवसा होती.

आता तयारीतल्या दुसऱ्या धोक्याविषयी. काही माणसे तयारी करतात ती भीतीपोटी. दुकानातल्या सगळ्या मेणबत्त्या उचलायच्या, डिझेलचे कॅन भरून ठेवायचे, दार लावून घ्यायचे. उद्याची चिंता करू नका, असे जे प्रभूने सांगितले ते याच माणसाला. निष्काळजी माणूस आणि साठेबाज माणूस दिसायला उलट आहेत, पण दोघांनाही शेजारी दिसत नाही. तेव्हा तयारी विश्वासाची की भीतीची, हे ओळखायची एक सोपी खूण आम्हाला सापडली आहे: आपल्या यादीत दुसऱ्या कोणाचे नाव आहे का?

दहा कुमारींच्या दाखल्यात शहाण्या कुमारी आपले तेल देत नाहीत, याचे अनेकांना वाईट वाटते. आम्हालाही वाटत असे. पण त्यात एक व्यवहाराचे सत्य आहे. मध्यरात्री काही गोष्टी वाटून घेता येत नाहीत. वारा ताशी शंभर किलोमीटरने वाहत असताना कोणी कोणाच्या घरी इन्सुलिन पोहोचवू शकत नाही, पत्रा बांधून देऊ शकत नाही. वाटून घ्यायचे ते दिवसाउजेडी, आकाश निळे असताना. शेजारधर्माची वेळ वादळाच्या आधी असते.

११ नोव्हेंबर, म्हणजे ‘फयान’चा दिवस, हा तूरचे संत मार्टिन यांचा सण आहे. कडाक्याच्या थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्यांनी अर्धा स्वतःला ठेवला, हेही लक्षात घ्यावे. देव आपल्याला उघडे पडायला सांगत नाही. झगा कापायला सांगतो.

आणि झगा कापणारी माणसे आपल्या किनाऱ्यावर आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’च्या तडाख्यातून भरकटत आलेल्या, बहुतेक केरळच्या आणि काही तामिळनाडूच्या, साठाहून अधिक होड्यांना देवगड बंदरात आसरा मिळाला. त्यांवर नऊशेहून अधिक माणसे होती. भाषा वेगळी, जेवण वेगळे. बंदराने त्यांना आत घेतले. दूर दक्षिणेत किती आयांनी त्या रात्री एका अनोळखी मराठी बंदरासाठी देवाचे आभार मानले असतील!

तेव्हा या महिन्यात आपल्या धर्मग्रामात आपण पुढील गोष्टी करू या. प्रत्येक घराने पत्रे आणि कौले पाहून घ्यावीत, घरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात, बॅटरी, प्यायचे पाणी, आठवड्याची औषधे आणि प्लास्टिकमध्ये बांधलेली कागदपत्रे एका जागी ठेवावीत, विहिरीवर दोर आणि कळशी असू द्यावी. वारा अचानक थांबला तर बाहेर पडू नये. वादळाचा मध्य जात असेल तर थोड्या वेळाने तो उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. पडलेल्या तारेला हात लावू नये. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत.

त्याखाली एक नाव लिहावे. आपल्या वाडीत एकटे राहणारे कोण? अंथरुणाला खिळलेले कोण? कलमांच्या बागेत झोपडीत राहणारा नेपाळी राखणदार, त्याची बायको आणि पोरे रात्री कुठे जातील? वाडीवार अशी यादी करून पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आमच्याकडे द्यावी. सभागृहाची किल्ली तीन घरी ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. ते सर्वांसाठी उघडे राहील. दारात कोणाचा धर्म विचारला जाणार नाही. बुधवारी नव्हे तर नेमकी ११ तारखेला संध्याकाळची मिस्सा समुद्रातून परत न आलेल्यांसाठी अर्पण केली जाईल. ज्यांच्याकडे मेणबत्ती लावायला थडगे नाही, त्यांनी ती वेदीपाशी लावावी.

संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू वादळ शांत करतो, त्या प्रसंगात एक लहानसा तपशील आहे, तो आपण सहसा वाचून पुढे जातो. प्रभूच्या होडीबरोबर इतर होड्याही होत्या. वारा पडला तो त्यांच्यासाठीही. आपल्या होडीबरोबर कोणाच्या होड्या आहेत, हे या नोव्हेंबरात पाहून ठेवू या.

प्रभू आपणा सर्वांचे, आणि समुद्रावर असलेल्या सर्वांचे रक्षण करो.

आपला,
धर्मगुरू